पायाळू आबांचं मशीन

कुणाच्याही पाठीला पाय लावण्याआधी आबा त्या माणसाला हात जोडून नमस्कार करायचे. माणूस ओसरीवर पालथा पडून कण्हत असायचा, त्याला तो नमस्कार दिसायचाही नाही. तरी आबा डोळे मिटून वाकायचे, "माफी कर बाप्पा" म्हणायचे आणि मगच डावा पाय त्याच्या कमरेवर हलकेच टेकवायचे.

आबा पायाळू होते. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याने न येता पायाने आलेले. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सगळेच मानतात. पायाळूवर वीज पडते, असंही मानतात. आणि तिसरी एक गोष्ट मानतात, ती मोठ्याने बोलत नाहीत. जमिनीत गाडलेलं धन पायाळूला दिसतं आणि त्याच्यावाचून ते वर येत नाही. या तिसऱ्या गोष्टीमुळेच मी हे लिहायला बसलो आहे. आबांच्या गावाचं नाव मी देणार नाही; माझ्या दुकानाचं गाव आणि माणसांची नावंही बदलली आहेत. मी मुळात भित्रा माणूस आहे आणि ही भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

माझं अमडापूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हा धंदा. एकदा पाण्यातली मोटार उचलताना माझीच पाठ धरली. बायको, सायरा, म्हणाली, "जाओ, पायाळू आबा के पास जाओ. आधा बाजार जाता है." मी लाजत लाजत आबांच्या गावी गेलो. ओसरीवर पालथा पडलो, मान वळवून पाहिलं तर हा पांढऱ्या मिशांचा म्हातारा मला नमस्कार करत होता. मी घाईघाईने म्हणालो, "आबा, मला कशाला नमस्कार? मी रशीद, मिस्तरी."

"म्हणूनच," आबा म्हणाले. "कोणाच्या अंगात कोण बसला असन, आपल्याले काय मालूम? अन् हे पाह्य मिस्तरी, दुखणं तुहं हाये. जातानी घेऊन जाय, अथी ठेवू नको. माह्या घरी जागा नाई."

पाठ मोकळी झाली. पायाने झाली की आपोआप, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्यानंतर आबा बाजारच्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसू लागले. चहा बशीत ओतून प्यायचे आणि गिऱ्हाइकांची फिरकी घ्यायचे. कुणी मोटार का जळली विचारलं तर म्हणायचे, "तुह्यासारखीच हाये थे. रिकामी फिरली का तापते." पायाच्या इलाजाचं त्यांनी कधी काही घेतलं नाही. एक पथ्य मात्र होतं. कुणी जमिनीतल्या धनाचं नाव काढलं की आबा बशी खाली ठेवून उठायचे आणि बाहेर जाऊन उभे राहायचे.

का, ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. दुकानात आम्ही दोघंच होतो.

"म्या लहान व्हतो, चवथीत असन. काका म्हणे चाल, वावरात बोरं पिकली. वावरात नाई नेलं, पांढरीवर नेलं." पांढर म्हणजे जुनं गाव जिथं वसलं होतं ते टेकाड. पडक्या घरांची माती साचून झालेलं, पांढुरकं. आमच्याकडे ती माती गाड्या भरून वावरात टाकतात, पिकाला चांगली म्हणून. "तथी दोन माणसं व्हती. माह्या अंगठ्याच्या नखाले काजळ लावलं अन् म्हणे पाह्य, काय दिसते. म्या म्हनलं, काजळ दिसते." आबा हसले. मीही हसलो. "मंग म्या खड्डा पाह्यला. मिस्तरी, धनाच्या हंड्याले केवढा खड्डा लागते? गोल, हंड्याएवढा. थो खड्डा लांब व्हता. माह्या मापाचा व्हता."

ते काकाच्या हाताला चावून पळाले. त्यांच्या आईने काही विचारलं नाही, की आरडाओरडा केला नाही. त्याच दिवशी त्यांना घेऊन ती संग्रामपूरकडे माहेरी गेली. मिसरूड फुटेपर्यंत आबा तिकडेच वाढले. परत आले तेव्हा काका त्यांना गळ्यात पडून भेटला. त्याच्याच पंगतीला ते पुढे अनेक वर्षं जेवले. "भेव दावणीले बांधून ठेवाव," ते म्हणायचे. "मोकळं सोडलं का दुसऱ्याच्या वावरात जाते."

असा हा माणूस एक दिवस दुकानात आला, मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "मिस्तरी, जमिनीतलं सोनं हुडकाचं मशीन घ्याचं हाये. कोणतं घ्याव?"

माझ्या हातातली तार सुटली. मला वाटलं, म्हातारपणी यांनाही चळ लागला. मी तसं तोंडावर म्हणालोही. आबांनी रागावून पाहिलं नाही. त्यांनी नातीबद्दल सांगितलं.

नात, आरोही, तेव्हा पहिलीत होती. मुलगा संदीप पुण्याकडे टँकर चालवायचा आणि सून वर्षा लेकीला घेऊन आबांजवळ राहायची. आरोही जन्मली तीही पायाळू. आबांनी सुनेला सांगून ठेवलं होतं, ही गोष्ट दवाखान्यातून घरी आणायची नाही. पण बाळंतिणीला भेटायला आलेल्या बायकांना त्या बिचारीने कौतुकाने सांगून टाकलं, आजोबावर गेली म्हणून. इतकी वर्षं काही झालं नाही. मग प्रल्हादने जेसीबी लावून पांढरीची माती उचलायला घेतली. हा प्रल्हाद आबांच्याच भावकीतला, गोड बोलणारा, लग्नकार्यात पुढे असणारा. माती उचलताना खाली विटांची भिंत लागली आणि गावात कुजबुज सुरू झाली. बाहेरगावच्या नंबरची एक गाडी प्रल्हादच्या घरी दोनदा येऊन गेली. गाडीतले महाराज कुणाला भेटले नाहीत. मग प्रल्हादने आरोहीसाठी एक नवा हिरवा फ्रॉक आणून दिला आणि वर्षाला सहज विचारलं, पोरीची जन्मवेळ काय गं?

"वर्षानं सांगतली?" मी विचारलं.

"सांगतली. वरून फ्रॉक किती बरोब्बर मापाचा आला म्हणून खूश व्हती." आबांचा आवाज सपाट होता. "फ्रॉक म्या चुलीत घातला."

मी म्हणालो, पोलिसांत चला. ते जाऊन आले होते. साहेब चांगला माणूस होता, त्याने प्रल्हादला बोलावून दम दिला. प्रल्हाद साहेबांच्या पाया पडला. संध्याकाळी तो आबांच्या घरी आला, "आबा, तुम्ही आपल्या माणसावर संशय घेता काय?" म्हणाला आणि आरोहीला एक फुगा देऊन गेला. मग मी म्हणालो, पोरीला पुण्याला पाठवा. आबांनी मान हलवली. "माह्या मायनं मले तसंच धाडलं व्हतं. आज धाडीन. उद्या सणाले येईन, लग्नाले येईन, मी मेलो का दहाव्याले येईन. जनमभर लेकराले गाव बंद ठेवू काय?"

आम्ही अकोल्याला एका दुकानात गेलो. दुकानदाराने आधी दोन पितळी काठ्या काढल्या. हातात धरून चालायचं, धन असेल तिकडे त्या वळतात म्हणे. मी उघडून पाहिल्या, आत बॅटरीसुद्धा नव्हती. "याच्यापरीस माहा अंगठा बरा," आबा म्हणाले. मग एक मोठी पेटी निघाली, ती जमिनीच्या पोटातली चित्रं काढणारी. तिच्या चित्रात दुकानाच्या फरशीखालीही हंडे दिसत होते. शेवटी एक मशीन आलं, साधं. काठीच्या टोकाला तारेचं कडं आणि वर दोन-तीन खटके. कड्यात तांब्याची तार गुंडाळलेली असते, म्हणून ते मला लगेच कळलं. आपल्याकडच्या काळ्या मातीत आणि दगडात लोहाचा अंश फार, साधं मशीन नुसतं चालतानाही कुरकुरतं. म्हणून जमिनीशी जुळवून घ्यायचा खटका असलेलंच घ्यावं, हे मी सांगितलं.

दुकानदार म्हणाला, "काका, हे लोखंड सोडून देतं. फक्त सोन्या-चांदीला वाजतं."

"थे बंद करता येते काय? लोखंडाले बी वाजली पायजे."

"आणि हे हेडफोन. कानाला लावा, शेजारच्याला पत्ता लागत नाही."

"थे तुमाले राहू द्या," आबा म्हणाले. "मले सगळ्या गावाले ऐकवाचं हाये."

दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. येताना बसमध्ये आबांनी मला मनातलं सांगितलं. "मले सोनं हुडकाचं नाई, रशीद. पांढरीत सोनं नाई, हे दाखवाचं हाये. धनच नाई तं पायाळू कायले पायजे?" इतका सरळ हिशोब होता. मला तो पटला आणि तीच आमची चूक झाली.

सरपंचाच्या परवानगीने आम्ही एका रविवारी सकाळी पांढरीवर गेलो. मी मशीनला लग्नातला भोंगा जोडून दिला होता. सारं गाव गोळा झालं. आबा कडं फिरवत चालले आणि भोंगा बोंबलत सुटला. वाजलं की खणायचं. खिळे निघाले, विळ्याचं मोडकं पातं निघालं, बैलाची नाल, कुलपाची कडी आणि बाटल्यांची बुचं तर किती. आबांनी सगळ्याचा ढीग घातला आणि ओरडले, "पाह्य बे, हे धन! कोणाले पायजे? पोत्यात भरून न्या!" लोक पोट धरधरून हसले. मला वाटलं, जिंकलं.

प्रल्हाद पुढे आला. खड्ड्यांकडे बघत तो हळहळल्यासारखा म्हणाला, "आबा, इतक्या जागी वाजलं अन् खणलं तं काईच नाई. थे सरकून राह्यलं. महाराज म्हणत व्हते, धन यंत्राले भेत नाई. जवळ गेलं का खाली जाते. त्याले त्याचं माणूस पायजे."

हसणं थांबलं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा लोकांच्या मनात धन असेल-नसेल अशी शंका होती, आता खात्री झाली होती. आम्हीच ती भोंगा लावून करून दिली होती. एकेक मान वळू लागली. निंबाखाली आरोही आईचा पदर धरून बर्फाची कांडी चोखत उभी होती. सगळं गाव तिच्याकडे पाहत होतं. कुणाच्या नजरेत राग नव्हता, उलट माया होती, आणि मला आयुष्यात एवढी भीती दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. पोरीला वाटलं आपलं काही चुकलं, तिने कांडी मागे लपवली.

त्यानंतर आबांनी पाठीला पाय लावणं बंद केलं. ते शाळेच्या फाटकाशी बसून राहायचे. मास्तरांनी हरकत घेतली नाही, त्यांनाही सगळं ठाऊक होतं. शाळेत अंधश्रद्धेवर व्याख्यान झालं, गावाने टाळ्या वाजवल्या, प्रल्हादनेच पाहुण्यांना नारळ दिला. ती गाडी पुन्हा येऊन गेली. आरोही वाळत चालली होती. कुणी हाक मारली की दचकायची. मी त्या गावातलं मोटारींचं काम घेणं टाळू लागलो, खोटं कशाला बोलू.

भर उन्हाळ्यात, दुपारी, आबा दुकानात आले आणि धोतराच्या सोग्यातून एक पुरचुंडी काढून माझ्यापुढे सोडली. आत सोन्याच्या गोल मण्यांची एकदाणी होती. त्यांच्या गेलेल्या बायकोची. सुनेच्या पेटीत खालून दुसऱ्या थरात असायची, दिवाळीला पूजेपुरती निघायची. आबांनी माझीच कात्री घेतली, दोरा कापला आणि मणी ओंजळीत घेतले. दोरा गेल्यावर ते कुणाचेही मणी झाले.

"आता सोनं निघालं पायजे," ते म्हणाले. "अन् पायाळूबिना निघालं पायजे."

मला समजायला वेळ लागला आणि समजल्यावर मी थेट नाही म्हणालो. मी त्या गावचा नाही, त्या जातीचा नाही. माझ्या हातातल्या मशीनने सोनं काढलं आणि उद्या कुणी म्हटलं मिस्तरीने अर्धं दाबलं, तर मला कोण सोडवणार? सायराची, पोरांची शपथ घालून मी म्हणालो, दुसरा कुणी पाहा.

आबांनी मणी परत पुरचुंडीत बांधले. "तुहं भेव खरं हाये," ते म्हणाले. "सरपंच अन् पोलीस पाटील पयले उभे करजो. वाजलं का मागं सरकजो. हात लावू नको." मग त्यांनी दोन्ही हात जोडले. या वेळी मी पालथा नव्हतो, समोर बसलो होतो. मला ते बघवेना.

असलं मशीन सुटे मणी खोलात धरेल याचा भरवसा नव्हता. आबांकडे पांढरीतच पूर्वी सापडलेली, हिरवी पडलेली तांब्याची लोटी होती. मणी तिच्यात घातले की तांबं वाजणारच. उन्हाने गाव दारं लोटून झोपलेलं असताना आबा खोदून काढलेल्या भिंतीच्या कडेला लोटी पुरून आले. मग आम्ही वळवाच्या पावसाने वरची माती बसेपर्यंत थांबलो.

गावात सांगितलं, मिस्तरीने मशीनचं कडं नव्याने भरलंय, एकदा तपासून पाहायचंय. ठरल्या दिवशी सकाळच्या एसटीने आबा आरोहीला दाताच्या डॉक्टरकडे चिखलीला घेऊन गेले. स्टँडवर चार लोकांशी मुद्दाम बोलून गेले. इकडे मी भोंग्यासकट पांढरीवर उभा राहिलो. सरपंच आणि पोलीस पाटलाला आधीच पुढे उभं केलं होतं.

भिंतीच्या कडेवरून कडं फिरवलं. मशीन गप्प. पुन्हा फिरवलं. गप्प. प्रल्हाद हाताची घडी घालून बघत होता. कुणी आधीच काढून नेलं असेल का? तेव्हा ध्यानात आलं की भीतीच्या भरात भोंग्याचा खटका मी फिरवलाच नव्हता. तो फिरवला आणि भोंगा असा किंचाळला की कुत्री पळाली. मी चार पावलं मागे सरकलो. प्रल्हादनेच झेप घेतली, कुदळ टाकून हातांनी माती उकरली. लोटी निघाली. त्याने ती उपडी केली आणि आबांच्या बायकोचे मणी त्याच्या तळहातावर पडले.

मग पोलीस पाटलाने विचारलं, "आबा कुठी हाये?"

"चिखलीले. सकाळच्या गाडीनं."

"अन् पोरगी?"

"त्याईच्याच संगं."

पाटील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणजे पायाळूबिना निघालं." हे वाक्य आम्ही कुणाला पढवलं नव्हतं. मी भोंगा बंद केला.

तहसीलमधून माणसं आली, पंचनामा झाला, मणी लाखेच्या सीलखाली सरकारात जमा झाले. कायदाच तसा आहे. प्रल्हादची माती काढणं बंद झालं. महाराजांची गाडी परत दिसली नाही. धन होतं, ते निघालं, विषय संपला. काही दिवसांनी आरोही शाळेतून एकटी पळत घरी आलेली मी स्वतः पाहिली.

दिवाळीला वर्षाने पेटी उघडली. तिने आबांना विचारलं आणि आबा म्हणाले, "हाव, इकली. मशीन घेतलं." सुनेला खरं सांगावं, असं मी त्यांना म्हटलं होतं. ते म्हणाले, "थे चांगली हाये, पण तिच्या पोटात गोष्ट राहत नाई." संदीप पुण्याहून येऊन बापाला नको ते बोलून गेला आणि पुढे सणालाही येईना. सोन्याच्या नादाने म्हाताऱ्याने बायकोचं सोनं घालवलं, हे गावातही बोललं जाऊ लागलं. ज्यांच्या पाठी त्यांनी मोकळ्या केल्या, तेच ओसरीवरून जाताना हसायचे. आबा माझ्या दुकानात येत, बशीत चहा पीत. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही आणि मला त्याचा फार राग यायचा. मागच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. संदीप मातीला आला, पण रडला नाही.

आरोही आता बुलढाण्याला वसतिगृहात राहून शिकते. उंच झाली आहे, चटचट बोलते. परवा पंख्याची मोटार घेऊन दुकानात आली. मी तार भरत असताना तिने एकदम विचारलं, "काका, तुम्ही आबाचे दोस्त व्हते. खरं सांगा, आजीची एकदाणी त्याईनं मशीनच्या नादातच इकली काय?"

तिच्या मागे बाजार भरला होता. दुकानाच्या बाकावर आबांच्याच गावचे दोघं चहा घेत बसले होते. लोटी खोटी होती हे एकदा बाहेर पडलं, तर खरी लोटी अजून पांढरीतच आहे, असा त्याचा अर्थ व्हायला एक दिवस पुरेल. आणि ही पोरगी उभी होती माझ्यासमोर, हसरी, कुणाला न भिणारी.

"हाव बेटा," मी म्हणालो. "इकली."

"मले वाटलंच व्हतं," ती म्हणाली. आजोबावरच्या रागाने तिचे ओठ घट्ट झाले. मोटार पिशवीत टाकून, भर बाजारातून एकटीच ती बसकडे निघून गेली.